सभेतला शेवटचा विषय

ल्युंगो, ९ फेब्रुवारी

गुद्रुन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच शेगडीत टाकलं नसशील, असं धरून लिहिते आहे. तीन वर्षं झाली. दर ख्रिसमसला तुझ्यासाठी म्हणून कार्ड आणते आणि शेवटी ते दुसऱ्याच कुणाला तरी जातं. या खेपेला लिहायला कारण मिळालं आहे, आणि कारण चांगलं आहे, म्हणून धीर केला.

कारण म्हणजे तुझी नात, लेर्के.

आपल्या दुकानाची अवस्था तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत सगळ्यात तरुण सभासद मी होते, आणि मी एकसष्ट वर्षांची. सहकारी दुकानांच्या संघाच्या कचेरीतून पत्रावर पत्रं येत होती की तरुणांमध्ये सहकाराची जाणीव वाढवा, नाहीतर बेटावरची सहकारी दुकानं एकामागून एक बंद पडतील. सोबत फुगे पाठवले आणि एक गुंडाळीचं मोठं चित्र, ज्यात हसरी मुलं हातात सफरचंदं घेऊन उभी आहेत. आपल्या वाऱ्यात सफरचंदाचं झाड कधी उभं राहिलं आहे का? मी ते चित्र धक्क्यावरच्या शेडमध्ये ठेवून दिलं आणि नुसतीच शाळेत गेले.

शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं होतं. नववीची मुलं होती आणि बोटीने पलीकडच्या हायस्कूलला जाणारी मोठीही होती, बोट लागल्या लागल्या आलेली, ओल्या जाकिटांनिशी. मी लिहून नेलेलं भाषण सुरू केलं. माना खाली, अंगठे फोनवर. अध्यक्ष म्हणून मी इतकी वर्षं भाषणं करते आहे, पण इतकं पडलेलं भाषण मलाही नवीन होतं. मग मी कागद खिशात घातला आणि शीतघराची गोष्ट सांगितली.

दुकानामागची ती खिडक्या नसलेली पांढरी इमारत त्यांनी रोज पाहिली आहे, पण आत काय आहे ते एकालाही माहीत नव्हतं. मी सांगितलं की कुणाच्याच घरी फ्रीझर नव्हता तेव्हा तुमच्या पणजोबांनी वर्गणी काढून ते बांधलं. प्रत्येक घराला एक कप्पा आणि एक किल्ली. पास्टरच्या कप्प्याशेजारी खाटकाचा कप्पा, आणि दोघांचे कप्पे सारखेच. मी सांगितलं की सभेत ज्याच्याकडे पन्नास गाई त्याचंही मत एक आणि ज्याच्याकडे एकही नाही त्याचंही एक. पंधरा वर्षं पूर्ण झालेला कुणीही सभासद होऊ शकतो, आणि त्या दिवसापासून त्याचं मत माझ्या मताइतकंच.

तेव्हा लेर्केने मान वर केली. ती सोळाची झाली आहे, तुझ्यासारखीच भुवई उडवते. म्हणाली, "म्हणजे थंडीत जिथे आता फक्त चार घरांचं डुकराचं मांस पडून आहे, ते शीतघर आमचंही आहे?"

मी म्हटलं, अर्थातच तुमचं आहे.

"आणि आम्ही तुमच्यापेक्षा जास्त झालो तर?"

हॉल हसला, मीही हसले. म्हटलं, तर तुम्ही म्हणाल तसं होईल, त्यालाच सहकार म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुकानात रांग लागली, गुद्रुन. जवळजवळ सगळी पोरं सभासद झाली. आपला व्यवस्थापक प्रेबेन गल्ल्यामागे इतका बावचळला की त्याने दोघांना दूध फुकट दिलं.

तुझी नात हे सगळं पुढे होऊन करते आहे. तुला अभिमान वाटावा म्हणून कळवलं. उत्तर दिलंस तर बरं वाटेल, नाही दिलंस तरी मी समजेन.

राग्ना


ल्युंगो, १४ मार्च

गुद्रुन,

तुझं उत्तर आलं नाही. टपालाच्या बोटीला या महिन्यात तीनदा खाडा झाला, त्यामुळे कदाचित असेल.

सर्वसाधारण सभा पार पडली. गावच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, असं आपल्या आईच्या काळानंतर पहिल्यांदाच झालं. सुरुवातीचं गाणं झालं आणि पोरांना शब्द माहीत नसल्यामुळे ती नुसती तोंडं हलवत होती. सभा चालवायला नेहमीप्रमाणे होल्गरला निवडलं. त्याने फेरीबोटीच्या कप्तानाचा कोट घातला होता, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी. हिशेब मंजूर झाले. मला पुन्हा अध्यक्ष निवडलं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको असतं. मार्गिटने थरांचा केक आणला होता, क्रीममध्ये साखर जास्त झाली होती, पण संपला.

लेर्केही बोलली, शेवटच्या विषयाच्या वेळी. शीतघराबद्दल काहीतरी होतं. छान बोलली. मी कॉफी वाटत होते म्हणून सगळं नीट ऐकता आलं नाही.

एस्बेनची पाठ पुन्हा धरली आहे, पण तो बोटीवरच्या कामाला जातोच. तुझा मुलगा तुझ्यावरच गेला आहे.

इथे अजून बोचरा वारा आहे. बाकी सगळं ठीक.

राग्ना


ल्युंगो, २७ मार्च

गुद्रुन,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी आलेले तुझे शब्द म्हणजे "लेर्के फोनवर रडत होती. काय झालं ते खरं लिही." एवढेच. मला ते पोस्टमनसमोरच वाचावं लागलं, आणि कार्ड उघडं असल्यामुळे त्यानेही वाचलं असणार.

ठीक आहे. मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नाही.

पोरांना शीतघर हवं होतं. तुला बोटीच्या वेळा आठवतात. शेवटची बोट लागते, दुकान बंद होतं, आणि बोटीने येणाऱ्या मोठ्या मुलांना घराखेरीज कुठे जायला जागा नाही. ती धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात बसतात, तिथूनही कुलूप लावताना त्यांना उठवतात. त्यांनी ठरवलं की उरलेले चार कप्पे दुकानाच्या कोपऱ्यात हलवायचे, शीतघरात उन्हाळ्यात वॉफलची विक्री आणि पाहुण्यांच्या सायकलींची दुरुस्ती, आणि हिवाळ्यात बसायची जागा. सगळं त्यांनी स्वतःची छोटी सहकारी संस्था काढून चालवायचं. कोण कुठल्या दिवशी काम करणार तेही ठरलं होतं. गुद्रुन, संघाने पाठवलेल्या साऱ्या फुग्यांतून असं काही कधी निघालं नसतं.

पण दुकानाचं छप्पर गळतं आहे, आणि ती इमारत भाड्याने गेली तर छप्पर होईल. अध्यक्षाला हे सगळं बघावं लागतं. शिवाय नियम नियम असतात आणि ते मी केलेले नाहीत. सभा होल्गर चालवत होता, मी नाही.

एवढं लिहून मी उठले, भांडी घासली आणि परत बसले. वर लिहिलेलं खोडत नाही, तू वाच आणि मी कशी आहे ते बघ.

सभेच्या आधी लेर्के आणि आणखी दोघं माझ्या स्वयंपाकघरात आली होती. मी त्यांना राय धान्याच्या काळ्या पावावर मटणाची चकती घालून दिली. लेर्केने विचारलं, आपलं म्हणणं सभेपुढे आणायचं तर काय करायचं असतं? तिने मला विचारलं, कारण शाळेत येऊन मीच तिला सांगितलं होतं की तिचं मत माझ्याइतकंच आहे.

मला उत्तर माहीत होतं. सभेआधी आठ दिवस संचालक मंडळाकडे लेखी प्रस्ताव द्यायचा, की तो विषयपत्रिकेवर येतो आणि त्यावर मत घ्यावंच लागतं. आठ दिवसांना अजून अवकाश होता. त्या वेळी टेबलावरच कागद आणि पेन पडलेलं होतं.

मी म्हटलं, "कशाला कागद रंगवत बसताय? शेवटी 'इतर गोष्टी' असा विषय असतो. सगळ्यांच्या हातात केक असतो, सगळे खुशीत असतात. तेव्हा बोला."

तुला सांगायला नको की 'इतर गोष्टी'मध्ये कुणीही काहीही बोलावं, कुत्र्यांच्या घाणीपासून चर्चच्या घंटेपर्यंत, पण त्यावर मत घेता येत नाही. ठराव होत नाही. आपल्याकडे हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, त्यामुळे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही असं आपण धरून चालतो. पण ही पोरं कधी सभेत बसलीच नव्हती. मी ओळखलं होतं की त्यांना हे माहीत नाही.

लेर्के सभेत उभी राहिली तेव्हा तिने मोठ्यांसारखी केसांची गाठ बांधली होती. ती घाईघाईने बोलली, पण मुद्देसूद. शेवटी म्हणाली, "तर आता मत घेऊ या," आणि स्वतःचा हात वर केला. मागे सगळ्या पोरांचे हात वर झाले. मोठ्यांपैकी दोघा-तिघांचेही अर्धवट झाले.

होल्गर प्रेमानेच म्हणाला, "बाळा, या विषयात मत घेता येत नाही. हे नुसतं बोलण्यासाठी असतं."

मग कुणीतरी हसलं. गुद्रुन, ते हसणं वाईट नव्हतं, लहान मुलाने मोठ्यांचे बूट घालून चालल्यावर आपण हसतो तसंच होतं, पण सगळं सभागृह हसलं. लेर्केचा हात अजून वर होता. ती माझ्याकडे बघत होती. मी उठून म्हणू शकले असते की चूक तिची नाही, तिला मी असं सांगितलं होतं. मी कॉफी ओतत होते. कप भरून बशीत सांडायला लागली तरी ओतत राहिले. मार्गिटने माझ्या हातातून थर्मास काढून घेतला.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. मला माझी लाज वाटते. आणखी काय लिहू?

राग्ना


ल्युंगो, १९ एप्रिल

गुद्रुन,

तू लिहितेस, "माझ्याकडे कबुली देऊन काय होणार? तिच्याकडे जा." बरोबर आहे. तू आईच्या माघारीही माझी मोठी बहीणच आहेस, कितीही भांडलो तरी.

मी गेले. म्हणजे, धक्क्यावर गेले. हातात दालचिनीच्या गोड पाव-वेण्यांची पिशवी घेऊन बोटीची वाट बघत उभी राहिले, जणू पावाने हे भरून निघणार होतं. लेर्के सायकल ढकलत उतरली आणि तिने मान हलवून "गुड डे" म्हटलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना म्हणतात तसं. लहान होती तेव्हा ती माझ्या अंगावर उडी मारायची. मी पिशवी तशीच घरी आणली आणि दोन दिवस त्या वेण्या एकटीने खाल्ल्या.

पोरं दुकानात येत नाहीत. दूधसुद्धा पलीकडून घेऊन येतात, बोटीवर दप्तरात घालून. प्रेबेनने मला विचारलं की आपण काही केलं का. मी म्हटलं, मला काय माहीत. बघ, तू इतकं समजावल्यावरही मी प्रेबेनला खोटंच सांगितलं.

मला वाटलं होतं की ती सभासदत्व सोडून देतील. त्यांनी सोडलं नाही. उलट लेर्केने दुकानाचे नियम मागून घेतले आणि बोटीवर बसून पोरांना वाचून दाखवले. एस्बेन सांगत होता की केबिनमध्ये इतकी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. त्यात त्यांना सापडलं की एक चतुर्थांश सभासदांनी सह्या करून मागणी केली तर मंडळाला विशेष सभा बोलवावीच लागते. मग ती घरोघर फिरली. होल्गरने पहिली सही केली, आणि सही करताना तो लेर्केला म्हणाला म्हणे, की मी त्या दिवशी नियमाने वागलो पण तुला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

काल ती माझ्या दारात आली. मी आत ये म्हटलं, ती उंबऱ्यावरच थांबली. सह्यांचा कागद पुढे धरला. मी पेन शोधायला लागले, एप्रनच्या खिशात, खिडकीत, सगळीकडे.

ती म्हणाली, "मावशीआजी, तुझी सही नकोय. आमच्या पुरेशा झाल्यात."

"मग?"

"तुला दाखवायला आणलंय. नंतर माहीत नव्हतं म्हणायला नको."

मी सह्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. तरी ती निघाली नाही. मग हळूच विचारलं, "त्या दिवशी स्वयंपाकघरात तुला माहीत होतं?"

सांगता आलं असतं की विसरले, वय झालं, डोक्यात शंभर गोष्टी असतात. तिने कदाचित मानलंही असतं. मी म्हटलं, हो. तिने कागदाची घडी घातली, एकदा, मग आणखी एकदा, आणि निघून गेली.

आता तुला एक सांगते जे मी तिलाही सांगितलं नाही. शीतघर मी जानेवारीतच देऊन टाकलं होतं. उन्हाळी घरं भाड्याने देणारा तो ठेकेदार आहे ना, निळ्या गाड्यांवाला, त्याला चादरी-टॉवेल ठेवायला आणि धुवायला जागा हवी होती. माझ्या घरी कॉफी पिता पिता मी त्याला शब्द दिला. मंडळाला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. वाटलं, सभेत सांगू, सगळे नेहमीप्रमाणे माना डोलावतील. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी शाळेच्या हॉलमध्ये उभी राहून तुझ्या नातीला म्हटलं, अर्थातच तुमचं आहे.

आईचं घर तू उन्हाळी पाहुण्यांना विकलंस तेव्हा मी दुकानात, रांगेत सगळ्यांसमोर, काय म्हणाले होते ते तुला आठवत असणार. बेट विकून खाणारी. तू वाणसामान तसंच गल्ल्यावर टाकून बाहेर गेलीस आणि त्या महिन्यात बेटच सोडलंस. तू निदान तुझ्या वाट्याचं विकलंस, गुद्रुन. मी जे माझं नव्हतं ते देऊन टाकलं.

हे वाचून मला लगेच उत्तर लिहू नकोस. थोडे दिवस जाऊ दे.

राग्ना


ल्युंगो, १८ मे

गुद्रुन,

तू खरंच थांबलीस, त्याबद्दल आभार. आता सगळं सांगते.

विशेष सभेच्या आधी मी ठेकेदाराला फोन केला आणि शब्द परत घेतला. तो चिडला, आणि त्याने चिडायलाच हवं होतं. त्याने त्यासाठी यंत्रं मागवली होती. म्हणाला, तुमच्या सहकाराला शब्दाची किंमत नसते का? फोन ठेवल्यावर ठरवलं की सभेत उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, स्वयंपाकघरातलंही आणि जानेवारीतलंही, आणि अध्यक्षपद सोडायचं. चार दिवस मनात वाक्यं जुळवत होते. खरं सांगायचं तर त्या वाक्यांवर मी थोडी खूशही झाले होते. डोळ्यांत पाणी आणणारी होती ती, माझ्या तरी.

सभागृह पुन्हा भरलं. होल्गरनेच सभा चालवली, या वेळी कोट न घालता. मी पहिल्याच मिनिटाला हात वर केला, उभी राहिले आणि म्हटलं, सुरू करण्याआधी मला एक गोष्ट कबूल करायची आहे.

होल्गरने कागदाकडे पाहिलं. "राग्ना, ते आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

मी म्हटलं, मग शेवटी बोलते, 'इतर गोष्टी'मध्ये. तो पुन्हा कागदाकडे बघायला लागला, आणि त्याच्या मानेवर लाली चढली. "या सभेला तो विषयच नाही. ज्यांनी सभा मागितली त्यांनी ठेवलेला नाही."

मी लेर्केकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत होती. ती उद्धटपणे बोलली नाही, दुखावण्यासाठीही नाही. "विशेष सभेत नसतो," म्हणाली. "आम्ही वाचलंय."

मी खाली बसले. माझी ती सगळी वाक्यं तशीच राहिली. तेव्हा कळलं की कबुली देऊनसुद्धा मीच सभेच्या मधोमध उभी राहणार होते, आणि ती सभा माझी नव्हतीच.

मग सायकली दुरुस्त करणारा मुलगा बोलला, मग लेर्के. छपराचं काय, असं कुणीतरी विचारलं. पोरांनी त्याचाही विचार केला होता. उन्हाळ्यातल्या कमाईतून ती थोडं थोडं भाडं देणार आहेत, ठेकेदाराइतकं नाही, पण देणार आहेत. होल्गरने मत घेतलं. हात वर झाले. मागच्या सभेत हसलेल्यांचेही झाले, आणि त्यातल्या काहींनी हात वर करताना जमिनीकडे बघितलं. मीही केला. ठराव मोठ्या फरकाने मंजूर झाला. पोरं ओरडली नाहीत. मला वाटतं, काय करावं तेच त्यांना कळत नव्हतं.

बाहेर सायकलींपाशी मी लेर्केला गाठलं आणि जानेवारीतलं सांगितलं. ठेकेदार, कॉफी, शब्द, सगळं. जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत, अडखळतच सांगितलं. शाळेत बोलले तेव्हा शीतघर आधीच दिलेलं होतं, हेही सांगितलं. ती सायकलच्या कुलपाची किल्ली हातात धरून उभी होती. म्हणाली, "मी तुझं ऐकून सगळ्यांना सभासद केलं. घरोघर जाऊन." एवढंच. मग एस्बेन आला आणि ती बापाबरोबर गेली.

त्यानंतर काही दिवस मी तिला पाहिलं नाही. शीतघराचे दरवाजे उघडे असायचे, आतून रंगाचा वास यायचा, आणि मी मागच्या वाटेने दुकानात जायचे.

परवा ती दुकानात आली. दूध घेतलं. मग गल्ल्यापाशी, प्रेबेन ऐकत असताना, मला म्हणाली की संघाच्या माणसांनी त्यांना तुझ्या आल्बोर्गला बोलावलं आहे. तिथल्या एका शाळेत मुलांना सांगायचं आहे की तरुणांनी सहकारात का यावं. तिला वाटलं होतं की नकार द्यावा. मग पोरांनी मिळून ठरवलं की जायचं.

मी म्हटलं, छान होईल, शीतघराची गोष्ट सांग.

"सांगणारच आहे," ती म्हणाली. "तू काय केलंस तेही. नावासकट. त्यांना शेवटच्या विषयाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर आमच्यासारखी तोंडघशी पडतील."

प्रेबेन साखरेच्या पुड्या लावायला लागला. मला वाटलं, ती माझी परवानगी विचारते आहे. तसं नव्हतं. ती दुधाची पिशवी सायकलच्या टोपलीत ठेवायला वळली, पुन्हा मागे वळली, आणि मग लहानपणी विचारायची तशा आवाजात म्हणाली, "तू येशील ऐकायला?"

मी हो म्हटलं, गुद्रुन. हो म्हटल्यावर गोदामात जाऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसले.

शाळा तुझ्या घरापासून दोन रस्ते टाकून आहे, गुरुवारी सकाळी दहाला. अनोळखी मुलांनी भरलेल्या वर्गात ती माझं नाव घेईल तेव्हा मी मागच्या बाकावर असेन, आणि मला तिथून उठून जायचं नाही. एकटीने बसवणार नाही माझ्याने. तू माझ्याशेजारी बसशील का?

राग्ना